रंगमास्तरांचं रविवारचं पान

तिला सगळे पॅटर्नबाई म्हणत. लहान मुलांच्या कपड्यांचे कागदी साचे बनवणं हे तिचं काम. फ्रॉक, शाळेचे शर्ट, टोपडी, झबली. कॉम्प्युटरवर रेघा आखायच्या, घरच्या प्रिंटरवर छापायच्या, पानाला पान जोडून चिकटपट्टी लावायची, कात्रीनं कापायचं आणि गुंडाळी करून शिवणकारखान्यात पोचवायची. जेवणाच्या टेबलावर कायम कागदांचा पसारा. त्यामुळे घरात जेवण व्हायचं ते मांडीवर ताट घेऊनच. नवऱ्यानं त्यावर कधी कुरकुर केली नाही. त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून, शाईवरून.

नवरा फोटोच्या लॅबमध्ये कामाला होता. तिथे मोठाली यंत्रं होती, पण शेवटचा शब्द यांचा. छापून आलेला फोटो खिडकीशी नेऊन धरायचा आणि माणसाच्या कातडीचा रंग बरोबर उतरलाय की नाही ते सांगायचं. म्हणून ते रंगमास्तर. एकदा एका कुटुंबाचा फोटो त्यांनी परत परत छापला. बाकीचे सगळे झकास, पण त्यातले एक मामा काही केल्या पिवळेच येत. शेवटी फोटो हातात देताना ते म्हणाले, "हा पिवळा माझा नाही हो, यांचाच आहे. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." मामांना कावीळ निघाली. लॅबमध्ये ही गोष्ट कितीतरी वर्षं फिरत होती, आणि बाईनं ती इतक्या वेळा ऐकली होती की ते मामा तिला माहेरच्या नात्यातले वाटायला लागले होते.

पुढे लोकांचे फोटो फोनमध्येच राहायला लागले, लॅब बंद पडली. रंगमास्तर घरी आले ते एक चांगल्यातला प्रिंटर काखोटीला मारून. बाईच्या कामाला तो उपयोगी पडला खरा, पण त्याच्या पोटात काय घालायचं ते मास्तर ठरवणार.

"अहो, झबल्याच्या रेघांना कसली आलीय ओरिजिनल शाई?" बाई म्हणायची. "नाकापेक्षा मोती जड! एवढ्या पैशात दुसरा प्रिंटर येईल."

"येऊ दे. त्यातही कंपनीचीच शाई पडेल."

"कोपऱ्यावरची कार्ट्रिजवाली म्हणते, भरून घेतलेली शाईसुद्धा तशीच चालते."

"चालते ना. चालायला काय, आंधळाही चालतो. मला दिसायला हवी."

हा वाद दर वेळी इथेच संपायचा, कारण यापुढे मास्तर बोलत नसत. घुम्या माणसाशी किती भांडणार?

प्रिंटर बरेच दिवस नुसता राहिला की त्याच्या तोंडाशी शाई सुकते आणि भोकं बुजतात. रेघा छापायला काळीच लागायची, बाकीचे रंग पडून राहायचे. म्हणून मास्तरांनी कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं होतं की दर रविवारी दुपारी एक पान आपोआप छापायचं. वर फिक्यापासून गडदपर्यंत राखाडी पट्टी, खाली निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा असे चार चौकोन, आणि मधोमध बाईचा चेहरा. गॅलरीत, ढगाळ उजेडात काढलेला. खांद्यावर राखाडी शाल.

तो फोटो त्या पानावर पहिल्यांदा दिसला तेव्हा बाई मनातून सुखावली होती. न राहवून तिनं विचारलं, "माझाच का हो घेतलात?"

"शाल राखाडी होती," मास्तर म्हणाले. "राखाडी हा सगळ्यात लबाड रंग. एखादी शाई जरा कमीजास्त झाली की लगेच पितळ उघडं."

बाई दोन दिवस धड बोलली नव्हती.

एका सकाळी मास्तर कागद आणायला म्हणून बाहेर पडले. दुकानात कागदाचा जाडेपणा बोटांनी चाचपून बघत असतानाच ते खाली बसले. दुकानदाराला वाटलं, काहीतरी सांडलं ते उचलायला वाकलेत. ते उठलेच नाहीत.

लेक परगावाहून आली, राहिली, नोकरीवर परत गेली. नणंद तेवढी थांबली. मास्तरांची ही धाकटी बहीण. लग्न केलेलं नव्हतं. बस आगाराच्या तिकीटखिडकीत सारा जन्म गेलेला, त्यामुळे काचेपलीकडच्या माणसाशी बोलावं तशी घरातही बोलायची. बाई तिला वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची आणि मनातून थोडी घाबरायची.

त्या रविवारी दोघी खाली चटईवर बसून होत्या. वन्सं आगारातल्या कुणाबद्दल तरी सांगत होत्या. एकदम प्रिंटर घरघरला. आत काहीतरी इकडून तिकडे सरकलं, कागद ओढला गेला, आणि बाईचा चेहरा कपाळापासून हळूहळू बाहेर यायला लागला.

वन्संनी वळून पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, दादा आलाय."

"लावून ठेवलंय त्यांनी तसं, वन्सं. दर रविवारी येतं पान."

"येऊ दे की. लावलं कुणी?"

पान ट्रेमध्ये पडलं, तरी बराच वेळ दोघींपैकी कुणीच ते उचललं नाही.

लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, अगं कॉम्प्युटरमध्ये आहे ते. बंद करता येतं. सांगू का कसं?"

"राहू दे," बाई म्हणाली.

वन्सं आपल्या घरी गेल्या. पानं येत राहिली. आपलंच तोंड केराच्या टोपलीत कसं टाकायचं? म्हणून बाई ती खणात ठेवायची. आठवडाभर ती काम करायची, रविवारी दुपारी हात थांबवायची. पान आलं की मास्तर धरायचे तसंच खिडकीशी नेऊन धरायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पण हे पान मास्तरांच्या नजरेखालून आलंय, असं तिला वाटायचं. माणूस गेला तरी नजर मागे राहिली असेल, कुणी सांगावं.

मग शाई संपली.

कोपऱ्यावरच्या कार्ट्रिजवालीचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोपटी. तिची बोटं कायम निळी-जांभळी. ती म्हणाली, "तुमच्या प्रिंटरची कार्ट्रिजं आता कंपनी बनवतच नाही, बाई. माझ्याकडे ओरिजिनलचा एक सेट आहे पडलेला, पण तारीख उलटून गेलीय. नाहीतर ही भरलेली घ्या. तुम्हाला रेघाच तर मारायच्यात."

कारखान्याचं काम अडून बसलेलं. बाईनं भरलेली घेतली. दुधाची तहान ताकावर. घरी येऊन तिनं ती बसवली, तर प्रिंटरनं निषेध नोंदवला: हे कार्ट्रिज ओळखीचं नाही, तरी पुढे जायचं का? "जायचं बाबा, न जाऊन करते काय," असं मोठ्यानं म्हणून बाईनं बटण दाबलं. रेघा निघाल्या त्या अगदी आधीसारख्या. काळ्याभोर, स्वच्छ. गळ्याचा गोल कुठे तुटला नाही. बाईला इतक्या वर्षांनी जिंकल्यासारखं झालं. "बघा," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "म्हणत नव्हते मी?"

रविवारी पान आलं.

चेहरा तिचाच होता, पण त्यातलं रक्त कुणीतरी काढून घेतलं होतं. गालांवर हिरवट छटा, ओठ मातकट. शाल शेवाळल्यासारखी. पाण्याखाली राहिलेल्या बाईचं ते तोंड होतं. पुढच्या रविवारी ते आणखी हिरवं आलं. त्याच्या पुढच्या रविवारी डोळ्यांवरून पांढऱ्या आडव्या रेघा गेल्या, पापण्या कुणी मिटून चिकटवल्यासारख्या.

शाई स्वस्तातली आहे, म्हणून असं होतंय, हे बाईला कळत होतं. कळायला ती काही खुळी नव्हती. पण दुपारी घरात एकटीच असताना ते पान खिडकीशी धरलं की तिला पिवळे मामा आठवायचे. हा पिवळा माझा नाही हो, यांचाच आहे. जिवंतपणी ह्यांची नजर कधी चुकली नव्हती. मग आताच कशी चुकेल?

तिनं आरशात बघणं कमी केलं. हात गार पडल्यासारखे वाटायचे. ती गॅलरीत जाऊन नखं उजेडात धरायची, तळवे धरायची. एकदा डॉक्टरांकडेही जाऊन आली. त्यांनी तपासलं, काही नाही म्हणाले, झोप नीट घ्या म्हणाले. घरी येईपर्यंत तिचा विश्वास टिकला आणि घराचं कुलूप उघडताना गेला.

खण भरला, तेव्हा ती त्या पानांच्या कोऱ्या बाजूवर छोटे साचे छापायला लागली. कॉलर, कफ, खिशाच्या पट्ट्या. कागद वाया कशाला घालवायचा, हा तिचा हिशेब. काही दिवसांनी कारखान्याची सुपरवायझर स्वतः घरी आली आणि एक पाकीट टेबलावर ठेवलं.

"बाई, कॉलरी परत आणल्यात. कोऱ्या कागदावर द्या."

"का? माप चुकलं?"

"माप बरोबर आहे हो. पण आमच्या मुली भिंतीला टाचण्या मारून लावतात ना. वाऱ्यानं उलटलं की मागून अर्धा डोळा बघतो." ती जरा घुटमळली. "कुणी गेलंय का त्यातलं?"

"नाही," बाई म्हणाली. "मीच आहे ती."

सुपरवायझर चहासुद्धा न घेता गेली.

तेव्हा मात्र बाई उठली आणि कार्ट्रिजवालीकडे गेली. "तो ओरिजिनल सेट आहे अजून?"

"आहे. पण आधीच सांगते, गॅरंटी नाही. मग माझ्या नावानं बोटं मोडू नका."

खोकं काचेच्या कपाटात राहून राहून उन्हानं पांढुरकं झालं होतं. बाईनं ते ओंजळीत धरून घरी आणलं. रंगमास्तरांची शाई. तिनं हात धुतले, एकेक डबी सोलली, बसवली. या वेळी प्रिंटरनं काही विचारलं नाही, निमूट घेतली. रविवारी पान आलं ते साफ हिरवं. गुलाबी चौकोनाच्या जागी कोरा कागद. गुलाबीची डबी तिनं काढून कानाशी हलवली. आत काहीच हललं नाही. शाई खोक्यातल्या खोक्यात सुकून गेली होती.

बाई खुर्चीत बसून राहिली. मास्तर गेल्यावर ती रडली नव्हती असं नाही, पण ते चारचौघांतलं रडणं होतं. आज ती एकटी रडली. खरी शाईसुद्धा मेली, एवढंच तिच्या मनात येत होतं. आता बरोबर रंग कधीच येणार नाही.

दारावर थाप पडली. वन्सं होत्या. वहिनी फोन उचलत नाही म्हणून बस पकडून आल्या होत्या. आत आल्या, रडलेलं तोंड पाहिलं, मग ट्रेमधलं पान पाहिलं. मग त्यांनीच खण ओढला आणि एकाखाली एक ती सगळी हिरवी तोंडं बघितली.

बाईला वाटलं, आता या म्हणणार, दादा तुला बोलावतोय. म्हटलं असतं तर तिनं ते खरं मानलं असतं.

वन्संनी पर्स खाली ठेवली, प्रिंटरसमोर उभ्या राहिल्या आणि तिकीटखिडकीच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, पुरे. काय चालवलंयस हे? ती तुझं घर सांभाळतेय आणि तू तिला मढ्यासारखी रंगवतोस? लाज वाटते का? लहानपणी मला अंधारात घाबरवायचास ते वेगळं. एवढी हौस असेल तर मला छाप. माझ्यामागे कोण रडतंय?"

प्रिंटर गप्प होता. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती लागत नव्हती.

"वन्सं, प्रिंटर आहे तो," बाई नाक पुसत म्हणाली.

"माहितीय मला प्रिंटर आहे ते. भूत असता तर उलट बोलला असता. तुझा नवरा कधी बोलला उलट?"

बाईला हसू फुटलं. रडण्यातून आलेलं ते हसू थांबेचना. वन्संनी तिच्या हातात मास्तरांचा कॅमेरा कोंबला. "काढ. थट्टा नाही करत मी. काढ माझा फोटो आणि तोच घाल त्याच्या नरड्यात."

गॅलरीत उजेड बरा होता. वन्सं कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, केस सारखे केले, आणि फोटोसाठी तोंड मिटलं.

बाईनं गुलाबीपुरती भरलेली डबी परत बसवली. प्रिंटरला तोंड साफ करायला लावलं. तो घशात अडकल्यासारखा खाकरला, पुन्हा खाकरला, आणि पांढऱ्या रेघा गेल्या. मग तिनं वन्संचा फोटो छापला. हिरवट आला. मास्तर कॉम्प्युटरवर रंगांच्या पट्ट्या मागेपुढे सरकवायचे, ते तिनं मागे उभं राहून खूपदा पाहिलं होतं. तिनं गुलाबी वाढवला. आता वन्सं दारू प्यायल्यासारख्या दिसायला लागल्या. तिनं तो थोडा कमी केला, निळ्याला हात लावला. दर वेळी ती पान वन्संच्या गालाशी नेऊन धरायची आणि दोन्हींकडे आळीपाळीनं बघायची.

"हलू नका."

"मी कुठे हलतेय? तूच नाचतेयस."

"बोलूही नका."

वन्सं खिडकीशी गप्प बसल्या. पान आलं. बाईनं ते उचललं, गालाशी नेलं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

कातडीचा रंग बरोबर आला होता, आणि कागदावर तिचा नवरा होता. तेच कपाळ, मधे जरा खोलगट. ओठांची तीच घट्ट मिटलेली रेघ. वन्सं आयुष्यात कधी गप्प बसल्या नव्हत्या म्हणून हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वन्संचा आवाज काढून घेतला की खाली मास्तर उरत होते.

तिनं पान वन्संच्या हातात दिलं. वन्संनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"हा तर दादाच गं," त्या म्हणाल्या. तिकीटखिडकीचा आवाज त्यात नव्हता.

दोघींनी ते पान टेबलावर ठेवलं. त्याच्याकडे बघत जेवल्या. बाईच्या अंगावर मधूनच काटा येत होता, पण ती त्याच्यापासून नजर काढत नव्हती. जाताना वन्संनी ते पान मागितलं. बाईला द्यायचं नव्हतं. पण चेहरा त्यांचा होता. नाही कसं म्हणणार?

त्याच आठवड्यात तिनं लेकीला फोन केला. "ते रविवारचं बंद कसं करायचं, सांग."

"नक्की, आई?"

"सांग."

लेकीनं सांगितलं तसं ती दाबत गेली. पुढच्या रविवारी दुपारी काहीच झालं नाही. बाई कात्री हातात धरून बसली होती. घरात इतकी शांतता होती की तिला वाटलं, कुणीतरी श्वास रोखून उभं आहे. आधी तिला ते यायचे त्याची भीती वाटायची. आता ते यायचे नाहीत याची वाटत होती. असे कितीतरी रविवार गेले. तिची नखं गुलाबीच होती, आरसा ठीक होता, पण दुपार काही जाता जात नव्हती.

एके दिवशी वन्संचा फोन आला. "वहिनी, मी फिकी पडतेय."

"बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय! भिंतीवरची मी. खिडकीसमोर लावली होती. आधी गुलाबी गेला, आता डोळेही जायला लागलेत. तुझी ती सस्तातली शाई. पुन्हा छापून दे."

"या ना," बाई म्हणाली. "आजच या."

वन्सं आल्या. गॅलरीत उभ्या राहिल्या. बाई म्हणाली, "फोटो आहे की कॉम्प्युटरमध्ये, तोच छापते." पण वन्संनी ऐकलं नाही. तोच तो काय, नवा काढ म्हणाल्या.

मग हे चालूच राहिलं. उन्हात पानाचा रंग उडायचा, वन्सं यायच्या, गॅलरीत तोंड मिटून उभ्या राहायच्या, आणि मास्तर नव्यानं कागदावर उतरायचे. कार्ट्रिजवालीनं एकदा बाईला गळ घातली, "नवा प्रिंटर घ्या आता. त्याची ओरिजिनल शाई वर्षानुवर्षं उडत नाही. फोटोला तीच बरी, रेघांना माझी."

"टिकली तर वन्सं कशाला येतील?" बाई म्हणाली, आणि भरलेली डबी पिशवीत टाकली.

वन्संनी मध्यंतरी केसांना काळं लावणं सोडून दिलं. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या कानशिलांवर नुसती पांढरी झाक होती. कागदावर ती आता वर चढत होती. गालफडं बसत चालली होती, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. पान बाहेर यायला लागलं की बाई जीव मुठीत धरून बसायची. गेलेला माणूस आहे तिथेच थांबतो, असं तिनं ऐकलं होतं. हे थांबले नव्हते. कुठेतरी तिच्याबरोबरीनं म्हातारे होत होते.

"कसा आलाय?" खिडकीशी बसलेल्या वन्संनी विचारलं. आपण कुणाबद्दल बोलतोय हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, बाईनंही कधी विचारलं नव्हतं.

बाईनं पान उजेडात धरलं.

"थकलेत जरा," ती म्हणाली, आणि परत कॉम्प्युटरशी जाऊन गुलाबी थोडासा वाढवला.